'तीन' या आकड्याचे तीन अर्थ : दीर्घ आजारी बायका आणि गर्भनिरोधन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



समोर टेबलावर ही पुठ्ठ्याची चकती ठेवली आहे. लहान मुलांचं खेळणं वाटावं अशी. दोन गोल तबकड्या एकावर एक बसवलेल्या, मधे खिळा. वरची तबकडी फिरवून आजारावर आणायची, म्हणजे बीपी, फिट, शुगर, टीबी, काय असेल ते, की खिडकीत आकडे दिसतात. माला-एनसारख्या गोळ्यांसाठी एक आकडा, इंजेक्शनसाठी एक, तांबीसाठी एक. आकडे फक्त चार. १ म्हणजे बिनधास्त वापरा. २ म्हणजे साधारणपणे वापरायला हरकत नाही. ३ म्हणजे शक्यतो नको, पण दुसरं काही मिळत नसेल किंवा तिला चालत नसेल तर विचार करा. ४ म्हणजे वापरूच नका.

यामागे जागतिक आरोग्य संघटनेचं एक जाड पुस्तक आहे. पहिली आवृत्ती १९९६ची, पाचवी २०१५ची. त्या पुस्तकाचा सारांश म्हणजे ही चकती, आणि आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानंही तिची भारतीय आवृत्ती काढली. आज मी या चकतीवर टीका करणार आहे. म्हणून आधीच सांगते, चकती उत्तम आहे. ती नव्हती तेव्हा काय होतं? 'तुला दमा आहे, तुला गोळ्या नकोत', 'तुला शुगर आहे, तुला तांबी नको', असली मनाला येईल ती उत्तरं होती. दमा असलेल्या बाईनं गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत याला काही आधार नाही, पण हे वाक्य मी अजूनही ऐकते. तेव्हा चकती आली ही चांगलीच गोष्ट झाली. ती बोलते काय आणि गप्प कुठे बसते, हे बघायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, ते १९५३ साली जाईपर्यंत. त्यापायी नोकरी गेली, कोर्टाच्या वाऱ्या झाल्या, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. कर्व्यांच्या लेखी संततिनियमन ही त्या बाईची गरज होती: तिची प्रकृती, तिची इच्छा, तिचं सुख. देशाच्या लोकसंख्येचं काय होतं हा पुढचा प्रश्न. सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला तो मात्र उलट्या बाजूनं. आधी देश, मग बाई. लाल त्रिकोण, शिबिरं, उद्दिष्टं. ती उद्दिष्टं कागदावरून १९९६ साली काढून टाकली, कागदावरून म्हणते मी, पण सवय राहिली. त्या सवयीत आजारी बाई कुठे बसते? धडधाकट, दोन मुलं झालेली, ऑपरेशनला तयार असलेली बाई या कार्यक्रमाची आवडती. फिटच्या गोळ्या घेणारी, अजून मूल न झालेली, चोवीस वर्षांची मुलगी म्हणजे अडचण. तिला ऑपरेशन करता येत नाही, गोळ्या द्यायची भीती वाटते, आणि तिच्याशी बोलायला अर्धा तास लागतो.

एनएफएचएस-५चा, म्हणजे २०१९-२१चा आकडा बघा. देशात साधारण दोनतृतीयांश विवाहित बायका गर्भनिरोधनाचं काही ना काही साधन वापरतात. त्यातलं सगळ्यात मोठं साधन बाईची नसबंदी, ३७.९ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. तांबी देशभरात दोन टक्क्यांच्या आसपास. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. म्हणजे आपल्याकडे गर्भनिरोधन म्हणजे बहुतांशी एक ऑपरेशन, आणि त्याआधीच्या वर्षांसाठी देवावर हवाला.

आता चकतीकडे येते. मला तीन या आकड्याबद्दल बोलायचं आहे.

बीपी असलेली बाई घ्या. वरचा आकडा १४० ते १५९च्या मधे. माला-एनच्या खिडकीत ३ दिसतो. का? कारण त्या गोळीतल्या इस्ट्रोजेननं तिला पक्षाघाताचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. इथे ३ म्हणजे *गोळी तिला इजा करेल*. बीपी १६०च्या वर गेलं तर ४.

आता टीबी झालेली बाई घ्या, रिफाम्पिसिन घेणारी. टीबीचा नेहमीचा उपचार घेणारी प्रत्येक बाई रिफाम्पिसिन घेते. माला-एनच्या खिडकीत पुन्हा ३. इथे कारण वेगळं. गोळी तिला काहीही इजा करणार नाही. रिफाम्पिसिन लिव्हरला कामाला लावतं आणि लिव्हर त्या गोळीतली संप्रेरकं भराभर मोडून टाकतं. इथे ३ म्हणजे *गोळी चालणार नाही, दिवस जातील*.

तिसरी बाई. फिटसाठी लॅमोट्रिजिन घेणारी. पुन्हा ३! आणि इथे गोळी लागू पडते, इजाही करत नाही. पण इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी होतं. इथे ३ म्हणजे *गर्भ राहणार नाही, पण फिट परत येईल*.

एक आकडा, तीन अर्थ. जाड पुस्तकात हे सगळं टिपांमध्ये नीट लिहिलेलं आहे, अगदी काळजीपूर्वक. पण ओपीडीत दीडशे पेशंट असताना जे हाती येतं ते खिडकीतला आकडा. आणि या तीन बायकांना सांगायची वाक्यं तीन वेगळी आहेत. पहिलीला सांगायचं, ही गोळी बंद कर. दुसरीला सांगायचं, गोळीवर विसंबू नकोस. तिसरीला सांगायचं, गोळी सुरू करण्याआधी फिटच्या डॉक्टरांना भेट, डोस बदलावा लागेल. तिघींना 'तुला गोळ्या चालत नाहीत' एवढंच सांगितलं तर टीबीवालीला वाटतं की गोळी अंगाला वाईट आहे, उष्ण पडेल. ती एखाद्या मैत्रिणीकडून पाकीट घेते, काही त्रास होत नाही, म्हणजे चालते की! आणि तिथेच फसते.

या ३ मध्ये आणखी एक गोम आहे. पुस्तकात म्हटलंय की जिथे तपासायला डॉक्टर नाहीत, साधनं कमी आहेत, तिथे चाराचे दोन करा. १ आणि २ म्हणजे 'हो', ३ आणि ४ म्हणजे 'नाही'. हेतू सुरक्षिततेचा आहे, मी समजू शकते. पण परिणाम बघा. ३ची व्याख्या काय होती? दुसरं काही मिळत नसेल तर विचार करा. आता दुसरं काही न मिळण्याची शक्यता कुठे जास्त? पुण्यात की धडगावात? म्हणजे ज्या ठिकाणी तिसऱ्या आकड्यातली सवलत खऱ्या अर्थानं लागते, तिथेच ती काढून घेतली जाते. शहरातल्या बाईला 'विचार करू' मिळतं, पाड्यावरच्या बाईला 'नाही' मिळतं. आणि 'नाही' म्हटल्यावर ती काय वापरते? काहीच नाही.

'काहीच नाही' यालाही धोका असतो, आणि त्याला चकतीवर खिडकी नाही. एक उदाहरण देते. रक्ताची गुठळी होण्याचा धोका. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ४० ते ६५ या दरानं. हे सर्वसाधारण निरोगी बायकांचे आकडे आहेत. मग जिला आधीच आजार आहे तिच्यासाठी तुलना कशाशी करायची? गोळी विरुद्ध निरोगी आयुष्य, की गोळी विरुद्ध नको असलेलं गरोदरपण? मूळ पुस्तकात एक यादी आहे: कोणत्या आजारांत नको असलेलं गरोदरपण जास्त धोक्याचं. हृदयाच्या झडपांचा आजार, फिट, टीबी, सिकलसेल, ल्युपस, गुंतागुंतीचा मधुमेह, अशी बरीच मोठी. पण साधनासाठी बाई पात्र आहे का हे आकड्यात मोजलं, आणि गरोदरपणासाठी तिची प्रकृती पात्र आहे का हे यादीत टाकून दिलं. शब्दच बघा ना, 'पात्रता'. जणू बाईनं अर्ज केलाय.

आता टीबीवर जरा थांबते, कारण तिथे सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त सुधारणा होऊ शकते.

जगातले सगळ्यात जास्त टीबीचे रुग्ण भारतात आहेत. त्यात तरुण बायका भरपूर. सरकारचा हा कार्यक्रम पुष्कळ गोष्टी नीट करतो. रोजच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, निक्षयवर नोंद होते, पोषणासाठी खात्यात पैसे येतात. महिन्याला ५०० होते ते २०२४ मध्ये १००० झाले. आशाताई घरी येतात. आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट प्रत्येक पेशंटला न चुकता सांगितली जाते: 'लघवी लाल होईल, घाबरू नका.' पन्नाशीच्या बाईलाही सांगतात, आठवी झालेल्या पोरालाही सांगतात. सगळ्यांना पाठ आहे. ती लाल लघवी कशानं होते? रिफाम्पिसिननं. आणि माला-एन निकामी कशानं होते? त्याच रिफाम्पिसिननं. निरुपद्रवी परिणाम सांगायची शिस्त आपण लावली, आणि दिवस जाऊ शकतात हे सांगायची लावली नाही. हे रिफाम्पिसिनबद्दल १९७०च्या दशकापासून माहीत आहे. पन्नास वर्षं झाली.

आशाताईंच्या पिशवीत काय असतं? टीबीच्या पेशंटची भेटही त्याच घेतात आणि माला-एन, निरोध घरपोचही त्याच देतात. २०११ पासूनची योजना आहे ही. एकाच पिशवीत दोन्ही! पण दोन वेगळ्या रजिस्टरमध्ये, दोन वेगळ्या साहेबांच्या आढावा बैठकीसाठी. एका घरात दोन्ही पाकिटं पोचवणाऱ्या बाईला आपण हे कधी सांगितलंच नाही की ही दोन पाकिटं एकमेकांशी भांडतात.

बरं, पर्याय काय आहेत? आहेत ना. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन रिफाम्पिसिन चालू असतानाही काम करतं, त्याच्या खिडकीत १ आहे. तांबी चालते, तिच्यात औषधच नाही, तांबं आहे. फक्त टीबी गर्भाशयात, ओटीपोटात असेल तर तांबी बसवायची नाही, तिथे ४ आहे. निरोध तर आहेच. आणि रिफाम्पिसिन थांबलं तरी पुढचे साधारण चार आठवडे लिव्हरची ती सवय राहते, म्हणून महिनाभर काळजी घ्यायची. झालं! हे सगळं सांगायला मला आत्ता मिनिटभर लागलं.

फिटचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे औषधाच्या आधी लपवाछपवी येते.

१९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाहाला बाध आणणारं कारण होतं. कायद्यातून ते गेलं. स्थळं बघणाऱ्यांच्या मनातून गेलं का? मुलीला फिट येते हे सासरी सांगितलेलं नसतं. ती गोळ्या ब्लाउजच्या कप्प्यात नाहीतर पर्समध्ये लपवून घेते, किंवा लग्नानंतर बंदच करते. मग तिनं 'मी फिटच्या गोळ्या घेते, मला कोणतं साधन चालेल?' हे विचारायचं कुठे? सासूबरोबर पीएचसीत आल्यावर? इथे चकतीचा उपयोग शून्य आहे, कारण चकती फिरवायला आधी आजार सांगावा लागतो.

आणि सांगितला तरी. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही आपल्याकडची जुनी, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारी औषधं, आणि तिन्ही रिफाम्पिसिनसारखीच गोळीची संप्रेरकं मोडतात. व्हॅल्प्रोएट मोडत नाही, म्हणजे माला-एन चालते. पण व्हॅल्प्रोएटवर दिवस राहिले तर दर दहा बाळांमागे सुमारे एकाला जन्मजात व्यंग, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, बोलण्या-शिकण्यात अडचण. ब्रिटननं २०१८ पासून नियम केला की मूल होण्याच्या वयाच्या बाईला खात्रीच्या गर्भनिरोधनाची सोय झाल्याशिवाय व्हॅल्प्रोएट द्यायचं नाही. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९८ पासून फिट असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही चालू आहे, अतिशय मोलाचं काम, जगभर वाचलं जातं. म्हणजे ज्ञान आपल्याच देशात तयार होतंय. पण मेंदूविकाराची ओपीडी तिसऱ्या मजल्यावर आणि कुटुंबनियोजनाची खोली तळमजल्यावर, आणि दोन केसपेपर वेगळे.

ब्रिटनच्या त्या नियमावर माझा एक आक्षेपही आहे. त्यात बाईवर गर्भनिरोधनाची सक्ती डोकावते. औषध हवं तर साधन वापर. तरुण मुलींना त्यापायी चांगलं लागू पडणारं औषधच नाकारलं जातं, अशी तक्रार तिथल्या पेशंटच करतात. आपल्याकडे नियम आणताना हा काटा लक्षात ठेवावा लागेल. आपल्याला सक्तीचा इतिहास काही कमी नाही.

आता हृदय. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप आखडते. गरिबांचा आजार आहे हा, आणि नेमका विशी-तिशीत त्रास द्यायला लागतो. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्के वाढतं, ते त्या आखडलेल्या झडपेतून जायचं असतं. झडप फारच आखडली असेल, किंवा फुप्फुसातला दाब खूप वाढला असेल, तर गरोदरपण टाळावंच असं हृदयरोगतज्ज्ञांचं वर्गीकरण सांगतं. मग केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते. ती ओळ मराठीत, इंग्रजीत, सगळ्या लिप्यांत मी वाचली आहे: 'गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला.'

ही ओळ जरा वाचा. एखाद्या समीक्षकानं कवितेची ओळ वाचावी तशी वाचा. कर्ता कोण? डॉक्टर. क्रियापद काय? सल्ला दिला. कुणाला? लिहिलेलं नाही. कशानं टाळायची? लिहिलेलं नाही. बीपीची गोळी लिहिताना आपण नाव लिहितो, मिलिग्रॅम लिहितो, जेवणाआधी की नंतर ते लिहितो. 'बीपी वाढू न देण्याचा सल्ला दिला' असं लिहून पेशंटला घरी पाठवलं तर त्या डॉक्टरची परीक्षेत दांडी उडेल. (हशा) पण गर्भाच्या बाबतीत हा सल्ला पूर्ण उपचार समजला जातो. आणि वर्षभरानं ती बाई पाच महिन्यांची पोटुशी येते तेव्हा वॉर्डात म्हणतात, 'सांगितलं होतं ना तुला?'

सांगितलं होतं कुणाला, हा खरा प्रश्न. घरात 'लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा कधी हलायचा' हे ऐकणारी ती, आणि रात्री नकार देण्याची सोय नसलेलीही तीच. तिच्या नवऱ्याला त्या खोलीत बोलावलं होतं का?

इथे मी एक गोष्ट ठासून सांगते. ज्या बाईचं हृदय कमजोर आहे, जिला मुलं नको आहेत किंवा झाली आहेत, तिच्या नवऱ्यानं बिनटाक्याची नसबंदी करून घेणं हा त्या जोडप्यासाठी सगळ्यात कमी धोक्याचा उपाय आहे. बाईच्या ऑपरेशनसाठीही पुस्तकात वर्ग दिलेत. झडपेचा आजार गुंतागुंतीचा असेल तर 'विशेष सोय हवी', म्हणजे अनुभवी सर्जन आणि भुलीची पूर्ण तयारी असेल तिथेच. शिबिरात नाही. शिबिरात काय होतं ते २०१४च्या नोव्हेंबरात बिलासपूरनं दाखवलं, तेरा बायका गेल्या, आणि त्या बिचाऱ्या निरोगी होत्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. असं असून आजारी बायकोला टेबलावर घ्यायला सगळे तयार, आणि धडधाकट नवऱ्याच्या दहा मिनिटांच्या ऑपरेशनचं नाव काढलं की खोलीत शांतता. आणीबाणीच्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि पुष्कळशा जबरदस्तीनं. त्या जबरदस्तीची किंमत पुढची पन्नास वर्षं बायकांनी भरली. पुरुषांचं ऑपरेशन राजकारणातून हद्दपार झालं आणि सगळा भार हिच्या पोटावर आला.

सिकलसेलबद्दल थोडक्यात. गडचिरोली, नंदुरबार, सगळा पूर्व विदर्भ. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणी जोरात चालू आहे, कार्डं वाटली जातायत. लग्नाआधी कार्ड जुळवून बघा, असा सल्ला. हा सल्ला पुढच्या पिढीसाठी आहे. कार्ड हातात असलेल्या या पिढीच्या बाईचं काय? तिला गरोदरपणात दुखण्याचे झटके वाढतात, जीवावर बेततं. हायड्रॉक्सियुरिया घेत असेल तर दिवस राहण्याआधी ते थांबवायला हवं. तिच्या माला-एनबद्दल जागतिक संघटनेचं पुस्तक २ म्हणतं, आणि अमेरिकेच्या सीडीसीनं २०२४ मध्ये ४ केलं. एकाच बाईला एक म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो मुळीच नाही. अशा वेळी आपल्या मोहिमेनं आपली भूमिका सांगायला हवी, आणि कार्डावर त्यासाठी दोन ओळींची जागा हवी.

आणि छाया. ही आपली स्वतःची गोळी. लखनौच्या सीडीआरआयमध्ये तयार झालेली, संप्रेरक नसलेली, १९९१ पासून 'सहेली' नावानं बाजारात, २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात. अभिमान वाटावा अशी. पण जागतिक संघटनेच्या पुस्तकात तिला आकडाच नाही, कारण जगात ती वापरतं कोण, आपणच. आणि आपल्या पत्रकावर काय आहे? कावीळ-लिव्हरचा आजार नको, पीसीओएस नको, टीबी, किडनीसारखे दीर्घ आजार असतील तर नको. का नको? पुरावा आहे म्हणून, की अभ्यास केला नाही म्हणून? तीस वर्षांहून जास्त काळ आपण ही गोळी विकतोय. टीबीच्या बाईत, फिटच्या बाईत ती कशी वागते हे शोधायला दुसरा कुठला देश येणार नाही.

अंतराबद्दल सभागृहात काही जणी अस्वस्थ आहेत, दिसतंय मला. बरोबर आहे. १९८६ साली नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यामागे ठोस कारणं होती. एकदा टोचलं की काढता येत नाही, पाळी बिघडते, आणि पुन्हा तपासायला कुणी भेटत नाही. ते आक्षेप आजही जिवंत आहेत. पण ती चर्चा निरोगी बाईला डोळ्यासमोर ठेवून झाली. रिफाम्पिसिन घेणाऱ्या बाईसाठी, फिटवालीसाठी, सिकलसेलवालीसाठी अंतराचं पारडं वेगळं पडतं. उलट बीपी १६०च्या वर असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, मधुमेहानं किडनी-डोळ्यांवर परिणाम झाला असेल, तर अंतराला ३ आहे. म्हणजे 'इंजेक्शन वाईट' किंवा 'इंजेक्शन चांगलं' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. चळवळीतल्या मैत्रिणींनी आजारी बायकांना चर्चेत घ्यावं, एवढं म्हणणं आहे माझं.

शेवटी मोजणीबद्दल. बीपी-शुगरची सरकारी तपासणी तिशीपासून सुरू होते. आपल्याकडच्या बहुतेक बायकांची मुलं तिशीच्या आत होऊन जातात. म्हणजे विशीतली बीपी असलेली मुलगी आधी गरोदर राहणार, मग महिन्याच्या नऊ तारखेच्या तपासणीत तिच्या कार्डावर जोखमीचा लाल शिक्का बसणार. आजार सापडण्याची आपली वाट गरोदरपणातूनच जाते. एनएफएचएस-५नं तर त्याच घरात बाईचं बीपी मोजलं, बोट टोचून साखर मोजली, आणि तिलाच विचारलं की कोणतं साधन वापरतेस. दोन्ही उत्तरं एकाच पेटाऱ्यात आहेत. पण जिल्ह्याच्या पत्रकात बघा, एक आकडा एका पानावर, दुसरा दुसऱ्या. बीपी असलेल्या किती बायका माला-एन घेतायत? पत्रक सांगत नाही. विचारलं तर सांगता येईल, आणि तो आकडा काढायला पुन्हा एकही दार वाजवावं लागणार नाही.

करायचं काय, तर टीबीच्या, फिटच्या, हृदयाच्या, शुगरच्या, सगळ्या केसपेपरवर एक प्रश्न छापा: 'येत्या वर्षभरात मूल हवं आहे का?' हो असेल तर औषधं त्या दृष्टीनं बदला, नाही असेल तर कोणतं साधन ते नावानं लिहा, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी द्या. आणि चकतीवरच्या प्रत्येक ३पुढे एक अक्षर टाका: 'इ' म्हणजे इजा, 'नि' म्हणजे साधन निकामी, 'औ' म्हणजे आजाराचं औषध कमी पडेल. छपाईचा खर्च तेवढाच.

प्रश्न घेऊया.

*श्रोता : फिटच्या गोळ्या चालू असताना मेडिकलमधून इमर्जन्सी गोळी घेतली तर चालते का?*

महत्त्वाचं विचारलंत. ती गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे काउंटरवर कुणीच विचारत नाही की आणखी काय घेता. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर नेहमीचा दीड मिलिग्रॅमचा डोस कमी पडू शकतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं. ते शक्य नसेल तर ब्रिटनमधले तज्ज्ञ दुप्पट, म्हणजे तीन मिलिग्रॅम घ्यायला सांगतात. पण हे डॉक्टरशी बोलून करा, आणि फिटची गोळी मात्र त्यासाठी एक दिवसही चुकवू नका.

*श्रोती : माझ्या बहिणीला झडपेचा आजार आहे. दोन मुलं आहेत. तांबी बसवायला गेलो तर नवऱ्याची सही आणा म्हणाले.*

नियमात ती सही नाही. नसबंदीसाठीसुद्धा जोडीदाराची संमती लागत नाही, असं सरकारी मानकांत स्पष्ट लिहिलेलं आहे. गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. मग तांबीला कुठून आली? वॉर्डातला रिवाज आहे हा, आपल्यावर काही येऊ नये म्हणून. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि विचारा, कोणत्या परिपत्रकात लिहिलंय ते दाखवा. जाताना हृदयाच्या डॉक्टरांचा कागद आणि टूडी-इकोचा रिपोर्ट बरोबर न्या. झडपेचा त्रास गुंतागुंतीचा असेल तर तांबीला २ आहे, म्हणजे चालते, पण जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ती मोठ्या रुग्णालयातच बसवून घ्या, आणि तांबी बसवण्याआधी अँटिबायोटिक द्यायचं का हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि मेहुण्यांना घेऊन जा हो, पण सहीसाठी नको. त्यांच्या स्वतःच्या ऑपरेशनची चौकशी करायला.